ब्रॉड स्पेक्ट्रम म्हणजे नक्की किती ब्रॉड? (निमित्त : डॉक्सीसायक्लिन)

ओलीमाती
'ब्रॉड स्पेक्ट्रम' म्हटलं की बहुतेकांना 'जास्त जालीम' असंच ऐकू येतं. माझ्या मते हा शब्दच फसवा आहे. डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकचं बघा. पुस्तकात तिच्या नावापुढे ग्रॅम-पॉझिटिव्ह, ग्रॅम-निगेटिव्ह, रिकेट्सिया, क्लॅमिडिया, मायकोप्लाझ्मा, स्पायरोकीट (मळसूत्री आकाराचे जिवाणू) अशी जिवाणूंच्या गटांची भली मोठी जंत्री असते. शेवटी मलेरियाचा परजीवीही असतो, जो मुळात जिवाणूच नाही. एवढं असून साध्या घशाच्या संसर्गाला किंवा लघवीच्या जंतुसंसर्गाला ती पहिली निवड नसते. असं का? कुठे चालते, कुठे आपटते आणि घेताना नेमकं काय चुकतं, हे जाणकारांनी तपशिलात लिहावं. 'डॉक्टरांना विचारा' हे सगळ्यांना माहीत आहे, तेवढाच प्रतिसाद नको.

नाकतोडा
डॉक्टरांना विचारा.
(हलकेच घ्या. धाग्याची वाचनखूण साठवली आहे.)

पेट्रीडिश
शब्द फसवा आहे याला अनुमोदन. स्पेक्ट्रम म्हणजे किती जातींच्या जिवाणूंवर परिणाम होतो. एका जातीवर किती जोरात होतो, त्याचा याच्याशी संबंध नाही. साधं पेनिसिलिन जी अरुंद पल्ल्याचं आहे, पण संवेदनशील स्ट्रेप्टोकोकसला ते ज्या सफाईने मारतं तसं डॉक्सीला जमणार नाही.

डॉक्सीचा पल्ला मोठा का, ते ती कुठे वार करते त्यावरून कळतं. पेनिसिलिनचा रोख जिवाणूच्या भिंतीवर असतो. भिंत नसली, मायकोप्लाझ्माला नसतेच, तर पेनिसिलिनला कामच उरत नाही. डॉक्सी जाऊन बसते रायबोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या, लहान भागावर, ज्याला ३०एस म्हणतात. अमिनो आम्ल घेऊन येणारा टीआरएनए जिथे टेकतो ती जागाच ती अडवते, आणि प्रथिनाची साखळी पुढे सरकत नाही. रायबोसोमशिवाय कुठल्याच जिवाणूचं चालत नाही, म्हणून यादी लांब. मलेरियाच्या परजीवीतही अ‍ॅपिकोप्लास्ट नावाचं एक अंगक आहे आणि त्यातला रायबोसोम जिवाणूच्या वळणाचा आहे. तो परजीवी या यादीत कसा आला, ते एवढ्यावरून कळेल.

भिंगरी
मग सर्दीवर का नाही? एवढी यादी आहे तर...

पेट्रीडिश
सर्दीच्या विषाणूला स्वतःचा रायबोसोमच नसतो, तो आपलाच वापरतो. डॉक्सी अडवणार काय, कप्पाळ?

तिरपागडा
रायबोसोम आपल्याही पेशीत असतात की. आपण कसे वाचतो?

रेणूबंध
दोन कारणं. आपला रायबोसोम ८०एस, त्याला ही बरीच सैल चिकटते. दुसरं कारण जास्त गमतीचं आहे : जिवाणू ती स्वतःच ओढून घेतो. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूच्या बाहेरच्या पडद्यात पोरिन नावाच्या नळ्या असतात. मॅग्नेशियमला धरलेली डॉक्सी त्यांतून आत सरकते. पुढे आतला पडदा पार करताना जिवाणूची स्वतःची ऊर्जा खर्ची पडते आणि आत साठा वाढत जातो. आपल्या पेशींत अशी ओढून घेण्याची सोय नाही. आपल्या पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा (ऊर्जा बनवणाऱ्या अंगकाचा) रायबोसोम मात्र जिवाणूच्या नात्यातला, त्यामुळे तिथे थोडा परिणाम होतो, प्रयोगशाळेतल्या पेशींवर तो दिसतोही.

डॉक्सी चरबीत विरघळणारी आहे, तिच्याच गटातल्या जुन्या टेट्रासायक्लिनपेक्षा कितीतरी जास्त. हाच तिचा खरा गुण. पेशीच्या *आत* लपलेले जिवाणू गाठायचे तर आधी पेशीचा पडदा ओलांडता आला पाहिजे.

सूक्ष्मदर्शी
रेणूबंध यांनी कळीचा मुद्दा काढला. माझ्या लेखी डॉक्सीची खरी ओळख 'ब्रॉड' अशी नाहीच, 'पेशीच्या आत शिरणारी' अशी आहे. काही उदाहरणं :

स्क्रब टायफस. जिवाणू ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी. रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींत राहतो, पसरवतात माइटच्या अळ्या. पेनिसिलिन, सेफालोस्पोरिन इथे निरुपयोगी, आणि जेंटामायसिन पेशीच्या आत धड पोचत नाही. डॉक्सी १०० मिलीग्रॅम दिवसातून दोनदा दिली तर बहुतेकदा ४८ तासांत ताप उतरतो. उतरलाच नाही तर निदान पुन्हा तपासावं. आजार गंभीर असेल तर गोष्ट वेगळी : २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शिरेवाटे डॉक्सी आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन दोन्ही एकत्र देणं हे कुठलंही एकच देण्यापेक्षा सरस ठरलं.

क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस. याचं जीवनचक्र दोन-तीन दिवसांचं असतं. बाहेर फिरणारं कणखर रूप वेगळं, पेशीत शिरून वाढणारं रूप वेगळं. औषध वाढणाऱ्या रूपावरच चालतं, त्यामुळे एका डोसात सगळे सापडतील याचा भरवसा नाही. म्हणून १०० मिलीग्रॅम दोनदा, ७ दिवस. अमेरिकेच्या सीडीसीने (रोगनियंत्रण केंद्राने) २०२१ च्या मार्गदर्शनात अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या एका डोसाऐवजी हाच क्रम वर आणला.

ब्रुसेला. हा तर आपल्याला गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीतच बिऱ्हाड थाटतो. एकटी डॉक्सी दिली तर आजार उलटतो. जोडीला रिफाम्पिसिन ६ आठवडे, किंवा सुरुवातीला स्ट्रेप्टोमायसिन अथवा जेंटामायसिनची इंजेक्शनं. एक अडचण लक्षात ठेवण्यासारखी : रिफाम्पिसिन यकृताची विकरं (एन्झाइम) वाढवतं, त्याने डॉक्सीची रक्तातली पातळी घसरते. इंजेक्शनांच्या जोडीत आजार उलटण्याचं प्रमाण कमी दिसतं, त्याचं हे एक कारण मानलं जातं.

कॉलरा. इथे पेशीत शिरण्याचा प्रश्न नाही. प्रौढाला ३०० मिलीग्रॅमचा एकच डोस, तोही जिवाणू संवेदनशील असेल तर. जीव वाचवतं ते पाणी आणि क्षार. डॉक्सीने जुलाबाचे दिवस आणि जिवाणू बाहेर पडणं कमी होतं, एवढंच.

खलबत्ता
लेप्टोस्पायरोसिस राहिला. सौम्य आजारात १०० मिलीग्रॅम दोनदा, ७ दिवस. दूषित पाण्याशी संपर्क अटळ असेल तर प्रतिबंधासाठी आठवड्यातून एकदा २०० मिलीग्रॅम, हाही अभ्यासलेला वापर आहे.
आणि लेप्टोसारख्या स्पायरोकीट मंडळींमध्ये पहिल्या डोसानंतर काही तासांत ताप आणि थंडी अचानक वाढू शकते. जिवाणू फुटून त्यांचे तुकडे रक्तात येतात, त्याची ती प्रतिक्रिया. तिला यारिश-हर्क्सहायमर म्हणतात. लोक ती अ‍ॅलर्जी समजून औषध बंद करतात. अंगावर गांधी, ओठांना सूज, घरघर असली तर अ‍ॅलर्जीचा विचार करायचा. नुसती थंडी वाजून ताप वाढला आणि दिवसभरात ओसरला, तर बहुधा ही प्रतिक्रिया.

भिंगरी
जेवणाआधी घ्यायची की नंतर? दुधाबरोबर चालते का? प्रत्येकजण वेगळं सांगतो.

तिरपागडा
दूध अजिबात नाही. कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं, पोटात शोषलंच जात नाही. टेट्रासायक्लिन गटाचा पहिला नियम.

खलबत्ता
नियम बरोबर, पण तो जुन्या टेट्रासायक्लिनचा. तिचं शोषण जेवण-दुधाने निम्म्यावर येतं. डॉक्सीचं साधारण २० टक्क्यांनी घटतं. एरवी ती जवळजवळ पूर्ण शोषली जाते, त्यामुळे एवढी घट बहुतेकदा चालून जाते. रिकाम्या पोटी मळमळून उलटी झाली तर शंभर टक्के घट, त्यापेक्षा हे बरं. म्हणून जेवणानंतर घ्या, दूध मुद्दाम बरोबर घेऊ नका, चुकून घेतलं तर घाबरू नका.

खरा घोटाळा होतो अँटासिड, लोह, झिंक, कॅल्शियमच्या गोळ्या आणि बिस्मथ यांनी. डॉक्सीने मळमळतं म्हणून माणूस अँटासिड घेतो आणि वर डॉक्सीची गोळी गिळतो. त्यातल्या अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमने ती आतड्यातच बांधली जाते. डॉक्सी आधी घ्या, मग निदान २-३ तास थांबा. लोहाचं अंतर आणखी मोठं ठेवा : डॉक्सी लोहाच्या २ तास आधी किंवा ४ तासांनी.

रेणूबंध
लोहाबद्दल एक भर. डॉक्सी *शिरेतून* दिली आणि लोह तोंडाने, तरीही रक्तातली पातळी घसरते. कारण रक्तातली डॉक्सी आतड्यात उतरते आणि काही भाग परत शोषला जातो. उतरलेली डॉक्सी लोहाने तिथेच पकडली की परतीची वाट बंद. म्हणजे लोहाच्या बाबतीत गोळ्यांत अंतर ठेवूनही परिणाम पूर्ण जात नाही. इतर निकड नसेल तर तेवढे दिवस लोह थांबवणं जास्त सोपं.

खलबत्ता
+१. हे माझ्या प्रतिसादात यायला हवं होतं.

आता कॅप्सूल कशी गिळायची. हसू नका, डॉक्सीची सर्वांत टाळता येण्यासारखी इजा इथेच होते. डॉक्सीच्या हायक्लेट क्षाराचं द्रावण चांगलंच आम्लधर्मी असतं, पीएच ३ च्या खाली. कॅप्सूल अन्ननलिकेत अडकून तिथेच विरघळली की व्रण पडतो. छातीच्या मध्यभागी टोचल्यासारखी कळ, घोट गिळताना वाढणारी. दिवसाची शेवटची गोळी, एक घोट पाणी, आणि लगेच आडवं होणं, या तिन्ही गोष्टी जुळून आल्या की हे होतं.
आधी एक घोट घेऊन घसा ओला करावा. मग बसून किंवा उभं राहून कॅप्सूल भरपूर पाण्याबरोबर गिळावी, २०० मिलीलिटर तरी. नंतर निदान अर्धा तास आडवं होऊ नये. संध्याकाळचा डोस झोपतेवेळी न घेता जेवणाबरोबर घ्यावा. अर्धायुष्य (रक्तातली पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ) १८ ते २२ तासांचं आहे, दोन-तीन तास पुढे-मागे झाल्याने काही बिघडत नाही. मोनोहायड्रेट प्रकार कमी आम्लधर्मी असतो, ज्यांना हा त्रास होतो त्यांनी त्याबद्दल विचारावं.

नाकतोडा
औषध गिळायलाही पत्रक वाचावं लागतं, आणि पत्रकाचे अक्षर वाचायला सूक्ष्मदर्शी. (आयडी नव्हे, उपकरण.)

सूक्ष्मदर्शी
आयडीही चालेल. उन्हाचं मी सांगतो. डॉक्सीने त्वचा यूव्हीए (उन्हातल्या अतिनील किरणांचा एक प्रकार) किरणांना नाजूक होते, थोड्या उन्हातही भाजल्यासारखी लाल. खिडकीच्या साध्या काचेतून यूव्हीए बऱ्यापैकी आत येतं, त्यामुळे 'मी तर घरातच होतो' ही सबब चालत नाही. सनस्क्रीनच्या डब्यावरचा एसपीएफ आकडा मुख्यतः यूव्हीबीचा असतो. यूव्हीए संरक्षण वेगळं लिहिलेलं बघा, आणि पूर्ण बाह्या घाला.

भिंगरी
लहान मुलांना बंदी आहे ना? दात पिवळे पडतात म्हणून?

तिरपागडा
८ वर्षांखाली नाहीच द्यायची. यावर दुमत नसावं.

सूक्ष्मदर्शी
दुमत आहे, आणि ते महत्त्वाचं आहे. दातांचे डाग ही जुन्या टेट्रासायक्लिनची देणगी. ती कॅल्शियमला घट्ट धरते आणि तयार होत असलेल्या दातात जाऊन बसते. डॉक्सी कॅल्शियमला तितकी धरत नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१८ पासून २१ दिवसांपर्यंतचा डॉक्सीचा कोर्स वयाची अट न ठेवता चालेल असं म्हटलं आहे. रिकेट्सियाच्या आजाराचा संशय असेल तर कुठल्याही वयात डॉक्सीच पहिली, ४५ किलोखाली वजनाच्या किलोमागे २.२ मिलीग्रॅम दिवसातून दोनदा. दाताच्या भीतीने उशीर झाला तर जीव जाऊ शकतो. गरोदरपणाच्या उत्तरार्धात मात्र एरवी टाळतात, तिथे अ‍ॅझिथ्रोमायसिनचा विचार होतो.

तिरपागडा
२१ दिवसांची मर्यादा माहीत नव्हती. माझा वरचा प्रतिसाद मागे घेतो. प्रतिसाद काढून टाकत नाही, संदर्भ राहू दे.

आजोबा_बुरशी
अवांतर. हाडात-दातात बसण्याचा हा दुर्गुण हाडांच्या तपासणीत गुण ठरतो. टेट्रासायक्लिन अतिनील प्रकाशात पिवळी-हिरवी चमकते. रुग्णाला ठरावीक दिवसांच्या अंतराने तिच्या दोन फेऱ्या देतात, मग हाडाचा तुकडा काढून बघतात. दोन चमकत्या रेघांमधलं अंतर भागिले दिवस म्हणजे हाड रोज किती वाढतं ते. प्राचीन न्युबियातल्या, म्हणजे आजच्या सुदानातल्या, दीड हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांतही अशी चमक सापडली. बिअर आंबवताना धान्यात वाढलेल्या स्ट्रेप्टोमायसिसमुळे ती आली असावी असं संशोधकांचं म्हणणं.
आधुनिक कथेची सुरुवातही मातीतूनच. १९४८ मध्ये बेंजामिन डग्गर यांनी मिसुरी विद्यापीठाच्या शेतातल्या मातीतून आलेल्या स्ट्रेप्टोमायसिस ऑरिओफेशियन्सपासून ऑरिओमायसिन जाहीर केलं. सोनेरी रंगावरून नाव. लेडर्ली प्रयोगशाळेतलं हे काम सुरू असताना तिथले संशोधन प्रमुख होते यल्लाप्रगडा सुब्बाराव. डॉक्सी ही त्याच घराण्यातली पण अर्धकृत्रिम, अमेरिकेत मान्यता १९६७.

ओलीमाती
अवांतर छान, माझ्या आयडीला साजेसं. पण मूळ प्रश्न अर्धाच सुटला. चालते कुठे ते कळलं. आपटते कुठे?

पेट्रीडिश
येतो तिकडेच. आपटण्याचे मुख्य रस्ते दोन.

पहिला उपसा पंप. बोटीत पाणी शिरतंय, पण उपसणारे हात जास्त असले तर बोट बुडत नाही, तसं. स्यूडोमोनास एरुजिनोसा जन्मजात असे पंप बाळगून असतो, शिवाय त्याचा बाहेरचा पडदाही कोता. प्रोटीयस मिराबिलिस, प्रोव्हिडेन्सिया हेही मुळातून दाद न देणारे. इ. कोलायला मात्र हे पंप टेट-ए, टेट-बी अशा जनुकांतून मिळतात आणि ती प्लास्मिडवर (डीएनएच्या सुट्या कड्यांवर) बसून एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातात. लघवीच्या संसर्गात बहुतांश वाटा इ. कोलायचा, मग प्रोटीयस वगैरे. अंदाजाने डॉक्सी देणं तिथे जुगार ठरतो. कल्चरमध्ये संवेदनशील आला तर गोष्ट वेगळी.

दुसरा रस्ता रायबोसोमचं संरक्षण. टेट-एम जनुकाचं प्रथिन येऊन रायबोसोमवर बसलेल्या डॉक्सीला ढकलून देतं. एन्टेरोकोकस आणि बऱ्याच स्ट्रेप्टोकोकसमध्ये हे सापडतं. घशाच्या स्ट्रेप्टोकोकसला डॉक्सी का नाही, त्याचं उत्तर हे. तिथे पेनिसिलिन अजून पूर्ण चालतं, मग पडकी शिडी कशाला?

२००५ मध्ये आलेल्या टायगेसायक्लिनच्या रेणूला एक लांब शेपूट जोडलं आहे, त्याने नेहमीचे टेट पंप आणि टेट-एम दोन्ही चुकवता येतात. स्यूडोमोनास आणि प्रोटीयस तिलाही दाद देत नाहीत.

रिपोर्ट वाचताना एक गोष्ट : प्रयोगशाळा जिवाणूच्या प्लेटवर अनेकदा टेट्रासायक्लिनचीच चकती लावते, ३० मायक्रोग्रॅमची. टेट्रासायक्लिनला संवेदनशील आला तर डॉक्सीलाही धरायचा. उलटं मात्र खरं नाही. टेट्रासायक्लिनला प्रतिरोधक आलेला काही वेळा डॉक्सी-मिनोसायक्लिनला बळी पडतो, त्यासाठी वेगळी चाचणी मागावी लागते.

सूक्ष्मदर्शी
आणि चकतीभोवतीचं, जिवाणू न वाढल्याचं वर्तुळ लहान आलं म्हणजे दरवेळी जिवाणूचाच दोष असं नाही. म्युलर-हिंटन अगारमध्ये (जिवाणू वाढवायच्या माध्यमात) कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त झालं तर तेच बांधणं प्लेटमध्ये होतं आणि वर्तुळ आक्रसतं. थर ४ मिलिमीटरपेक्षा जाड ओतला तरी आक्रसतं. नवीन लॉट उघडला की प्रमाणित स्ट्रेन लावून बघायची ती याचसाठी. इनॉक्युलमचा (प्लेटवर पसरायच्या जिवाणूंच्या द्रावणाचा) गढूळपणा ०.५ मॅकफार्लंड, ३५ अंश, १६ ते १८ तास. घाईघाईत दाट इनॉक्युलम लावलं की 'प्रतिरोधक' असा खोटा निकाल मिळतो.

पेट्रीडिश
वरचं सगळं प्लेटवर वाढणाऱ्यांचं. ज्यांच्यासाठी डॉक्सी सर्वांत मोलाची, ते क्लॅमिडिया, रिकेट्सिया साध्या प्लेटवर वाढतच नाहीत, त्यांना जिवंत पेशी लागते. 'कल्चर : वाढ नाही' असा रिपोर्ट बघून 'मग डॉक्सी बंद करू' म्हणणं म्हणजे दिव्याखाली शोधून किल्ली नाही म्हणणं. तिथे अँटिबॉडी चाचणी किंवा पीसीआर बघायचं.

तिरपागडा
पण डॉक्सी मारत नाही, फक्त वाढ थांबवते. मग दणकट संसर्गात पेनिसिलिनही जोडीला दिलं तर दुप्पट फायदा ना?

रेणूबंध
भिंत बांधत असलेल्या जिवाणूलाच पेनिसिलिन मारतं. वाढ थांबवली की बांधकाम थांबतं, पेनिसिलिनला मारायला काही उरत नाही. १९५१ मध्ये न्यूमोकोकसच्या मेंदूज्वरात पेनिसिलिनसोबत ऑरिओमायसिन दिलेल्या रुग्णांत मृत्यू वाढलेले दिसले, तेव्हापासून हे उदाहरण दिलं जातं. अर्थात न्यूमोनियात बीटा-लॅक्टमसोबत (पेनिसिलिनच्या घराण्यातल्या औषधासोबत) डॉक्सी देतात ते वेगवेगळ्या जिवाणूंसाठी : एक न्यूमोकोकससाठी, दुसरी मायकोप्लाझ्मा वगैरेंसाठी. म्हणजे सरसकट बंदी नाही, पण 'दोन म्हणजे दुप्पट' हा हिशेबही नाही.

भिंगरी
मुदत संपलेली पाकिटं? टेट्रासायक्लिन जुनी झाली की विष होते असं वाचलं आहे.

रेणूबंध
१९६३ मध्ये बिघडलेल्या टेट्रासायक्लिनने मूत्रपिंडाच्या नलिकांना इजा झाल्याचं नोंदलं गेलं. दोषी होतं एपीअनहायड्रोटेट्रासायक्लिन. ते बनायला रेणूच्या सहाव्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट लागतो, आणि डॉक्सीत तोच नाही, त्यामुळे ते विशिष्ट विष डॉक्सीतून तयार होत नाही.

खलबत्ता
हे वाचून कुणी जुनं पाकीट उघडू नका. दमट जागी ठेवलेल्या कॅप्सूलमध्ये औषध किती उरलंय ते डोळ्याने कळत नाही, आणि अर्धवट डोस घेऊन स्क्रब टायफसशी खेळणं परवडत नाही.
वाचणाऱ्यांनी आपल्या इतर गोळ्याही बघाव्यात. रक्त पातळ करणारं वॉर्फरिन चालू असेल तर रक्त जास्त पातळ होऊ शकतं, आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) तपासा. फिट्सवरची फेनिटोइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटल ही औषधं डॉक्सीचं अर्धायुष्य घटवतात. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असताना डॉक्सी नको, दोन्हींनी कवटीतला दाब वाढू शकतो : डोकं दुखणं, धूसर दिसणं. मूत्रपिंड अधू असणाऱ्यांना मात्र मात्रा कमी करावी लागत नाही. एरवी ७२ तासांत साधारण ४० टक्के लघवीवाटे जाते. ती वाट बंद झाली तर आतड्यातून जाते, अर्धायुष्य तेवढंच राहतं.

ओलीमाती
म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर मी असं समजतो : यादी लांब आहे ती रायबोसोम सगळ्यांना असतो म्हणून, आणि यादीत भोकं आहेत ती पंप आणि टेट-एममुळे. बरोबर?

पेट्रीडिश
बरोबर. फक्त यादीतली भोकं जागोजागी आणि काळानुसार वेगळी असतात. स्यूडोमोनासचं भोक कायमचं, इ. कोलायचं त्या-त्या ठिकाणच्या कल्चरवरून ठरतं.

नाकतोडा
थोडक्यात, डॉक्टरांना विचारा. (पळतो.)

खलबत्ता
पळा, पण गोळी गिळून लगेच आडवे होऊ नका.